मशीन पाणी सोडत नाहीये? आधी फिल्टर उघडून बघा

मागच्या अंकात एका उत्तरात जाताजाता लिहिलं होतं की मेकॅनिकला बोलवायच्या आधी वॉशिंग मशीनचा फिल्टर एकदा बघून घ्या. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं पान त्यालाच देतेय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, खूप जणांचं मशीन पाच-सहा वर्षं वापरात आहे पण त्याला फिल्टर असतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. विकणारा सांगत नाही, बसवायला येणारा घाईत असतो आणि माहितीपुस्तिका कपाटात जाऊन बसते. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते.

प्रश्न: ताई, आमचं फ्रंट लोड मशीन आहे, चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यापासून धुऊन झालं तरी ड्रममध्ये पाणी तसंच राहतंय, स्पिन होत नाही आणि कपडे अक्षरशः निथळत बाहेर येतात. मेकॅनिक फोनवरच म्हणाला पंप बदलावा लागेल. बहीण म्हणते आधी फिल्टर साफ कर. पण हा फिल्टर असतो कुठे आणि मी घरी उघडला तर चालतो का?

उत्तर: चालतो, आणि बहिणीचं ऐका. पंप खरंच जळलेला असू शकतो, पण न बघता फोनवर ते कोणालाच कळत नाही. पाणी राहणं, स्पिन न होणं, कपडे ओले निघणं, तुम्ही लिहिलेली ही तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत, पाणी बाहेर पडायची वाट अडलीये. ड्रममध्ये अजून पाणी आहे असं मशीनला कळलं की ते जोरात फिरतच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं स्पिन बिघडलंय. स्क्रीनवर कोड येत असेल तर तोही बघा. एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी किंवा जुन्या मॉडेलवर ५ई, बॉशच्या बऱ्याच मशीनवर ई१८, हे सगळे कोड पाणी बाहेर जात नाहीये एवढंच सांगतात, पंप गेलाय असं सांगत नाहीत.

फिल्टरला हात लावायच्या आधी मशीनच्या मागे डोकावा, ड्रेन पाइप भिंतीला दबून दुमडला नाहीये ना ते बघा. फरशी पुसताना मशीन थोडं मागे सरकलं की असं होतं आणि मग फिल्टर कितीही साफ केला तरी उपयोग नसतो.

पाइप ठीक असेल तर फिल्टर. समोर अगदी खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढं झाकण असतं, काही मशीनला खालची अख्खी पट्टीच निघते. नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते उघडतं. आत एक गोल प्लास्टिकची मूठ दिसेल, ती फिल्टरची टोपी, आणि बऱ्याच मशीनमध्ये तिच्या शेजारीच एक बारीक रबरी नळी असते, टोकाला बूच लावलेली. ही नळी फार कामाची आहे, पुढे सांगते.

पहिलं काम म्हणजे मशीन बंद, प्लग सॉकेटमधून बाहेर, नळ बंद. नुसतं बटण दाबून भागवू नका, प्लग काढाच. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला होता का ते आठवा, लावला असेल तर चांगलं तास-दोन तास थांबा, कारण आत ६० नाहीतर ९० डिग्रीचं पाणी अडकलेलं असू शकतं आणि टोपी फिरवली की ते थेट हातावर येतं. मग खाली जुना टॉवेल पसरा, त्यावर उथळ ट्रे किंवा पसरट भांडं ठेवा, ती नळी बाहेर ओढा, बूच काढा आणि पाणी येऊ द्या. भांडं भरलं की बूच लावायचं, ओतून यायचं, परत काढायचं. १०-१५ लिटर पाणी सुद्धा निघू शकतं, म्हणजे बऱ्याच फेऱ्या होतात, पण हे टाळू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नळीकडे लक्षच गेलं नव्हतं, सरळ टोपी फिरवली आणि बघताबघता सगळं पाणी फरशीवर, कपाटाखाली, आणि तिथून जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाच्या दिशेने. त्या बोर्डाचा प्लग काढायला धावताना जी भीती वाटली ती अजून अंगावर येते, म्हणून हे एवढं लांबवून सांगतेय. ज्यांच्या मशीनला नळी नाही त्यांनी टोपी एकदम न काढता थोडीशीच सैल करायची, पाणी येऊ द्यायचं, भांडं भरत आलं की परत घट्ट, असं करत करत पाणी संपवायचं.

पाणी यायचं थांबलं की टोपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून फिल्टर पूर्ण बाहेर ओढा. तुम्ही चार वर्षांत कधीच उघडला नसेल तर जे निघेल ते बघून धक्का बसेल, राखाडी रंगाचा ओल्या लोकरीसारखा घट्ट गोळा असतो, केस, धागे, खिशात राहिलेल्या टिशूचा लगदा, आणि त्या गोळ्याच्या पोटात बहुतेक वेळा खरं कारण सापडतं, एखादं नाणं, हेअरपिन, बटण, नाहीतर लहान मुलाचा मोजा. गोळा हातानेच काढा पण जाड हातमोजे घालून, आत टाचणी किंवा तारेचा तुकडा असला तर बोटात घुसतो. मग फिल्टर नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा, चिकट थर असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून १५-२० मिनिटं बुडवून ठेवा आणि परत घासा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं झालं तर टोपी नीट बसणार नाही.

आता जे बहुतेक जण करतच नाहीत ते. फिल्टर निघाल्यावर जे भोक दिसतं त्यात टॉर्च मारून बघा. आत छोट्या पात्यांचा एक पंखा दिसतो, हा पंपाचा पंखा. लाकडी चमच्याच्या दांड्याने तो हळूच ढकला. तो घरच्या पंख्यासारखा सरसर फिरत नाही, थोडा अडतो, मग टपकन पुढे सरकतो, परत अडतो. त्याला पंप खराब समजू नका, आत चुंबक असतं म्हणून तो तसाच फिरतो. अजिबात हलत नसेल तर त्याच्या मुळाशी केस किंवा धागा गुंडाळला गेलेला असतो, चिमट्याने थोडा थोडा ओढून काढा. माझ्या मावशीच्या घरी हेच झालं, पंप बदलायचं नक्की झालं होतं, मी सहज टॉर्च मारला तर पंख्यात ब्राची बारीक तार आडवी बसली होती आणि तिच्याभोवती लांब केसांचा गुंता. तार निघाली, पंखा सुटला, आणि तोच पंप अजून चालतोय. पंखा कुठेही न अडता अगदी मोकळा गरगर फिरत असेल किंवा पाती तुटली असतील तर मात्र पंप बदलायला लागेल, मग मेकॅनिकला बोलवा, पण आता तुम्ही त्याला नेमकं सांगू शकता की काय बघितलं.

टोपी परत लावताना तिच्या रबरी रिंगला केस चिकटलेला नाही ना बघा, सरळ बसवा, घट्ट फिरवा, नळीचं बूच लावा आणि ती आत खोचा. खालचं झाकण मात्र लगेच लावू नका. ड्रममध्ये दोनेक लिटर पाणी ओता, प्लग लावा, नुसता ड्रेन किंवा स्पिनचा प्रोग्राम लावा आणि टोपीकडे बघत बसा. एक थेंबही येत नसेल तर झाकण लावा.

प्रश्न: फिल्टरची टोपी हलतच नाहीये. नवऱ्याने पक्कड लावली तर मुठीचा एक कोपरा तुटला. आता?

उत्तर: पक्कड बाजूला ठेवा, दुसरा कोपरा तुटला तर धरायलाच काही राहणार नाही. टोपी अडते ती दोन कारणांनी, एकतर आट्यांमध्ये साबणाचा आणि क्षाराचा थर घट्ट बसलेला असतो, नाहीतर आतून एखादी पिन किंवा कापडाची चिंधी आट्यात अडकलेली असते. पहिलं पाणी काढून टाका, प्लग काढलेलाच असू दे. मग एक फडकं चांगल्या गरम पाण्यात भिजवून पिळून टोपीवर दाबून धरा, थंड झालं की परत गरम करून, असं तीन-चार वेळा, थर मऊ पडतो. नंतर रबरी हातमोजा घालून टोपी एकाच दिशेने जोर लावून फिरवू नका, थोडी उलट थोडी सुलट अशी हलवत राहा, आत अडकलेली वस्तू अशी हलवली की बहुतेक वेळा सुटते. किंचित जरी सरकली तरी समजा काम झालं, फक्त घाई नको. इतकं करून नाहीच निघाली तर मेकॅनिक पंप दुसऱ्या बाजूने सोडवून ती काढतो, ते घरी करायचं काम नाही. टोपी नवीन मिळते, मॉडेल नंबर सांगून तीच मागवा, दुसऱ्या मॉडेलची बसल्यासारखी वाटते आणि मग गळते.

प्रश्न: फिल्टर साफ करून बसवला आणि आता खालून पाणी गळतंय. आधी गळत नव्हतं!

उत्तर: टोपी तिरकी बसलीये, किंवा रबरी रिंगवर काहीतरी आहे. मशीन बंद करा, प्लग काढा, आत पाणी असेल तर आधी नळीने काढा, मग टोपी काढून रिंग पुसा, जिथे ती बसते ती कडाही आतून बोटाने पुसा, वाळूचा एक कण सुद्धा पुरतो. बसवताना आधी थोडं उलट फिरवायचं, आटे जुळले की हलकं टक असं जाणवतं, तिथून सुलट फिरवत न्यायचं, बाटलीचं झाकण लावताना करतो तसं. टोपी ठीक असेल तर बारीक नळीचं बूच बघा, ते अर्धवट राहिलेलं असतं बऱ्याचदा. रिंगला चीर गेली असेल तर नवीन टोपीच घ्या, टेप किंवा गोंद लावून काही दिवसही काढू नका, खाली सगळीकडे विजेचे भाग आहेत.

प्रश्न: आमचं टॉप लोड आहे. खाली फिल्टरचं झाकण कुठेच नाहीये, सगळीकडून शोधलं. आत ड्रमच्या भिंतीला एक जाळीची पिशवी आहे, ती फाटलीये. काळ्या कपड्यांवर पांढरी लव चिकटून येते ती यामुळेच का?

उत्तर: हो, यामुळेच. तुम्ही शोधत होता तो पंप फिल्टर खूप टॉप लोड मशीनला बाहेरून उघडता येईल असा नसतोच, तुमचा फिल्टर म्हणजे ती पिशवीच. पाणी फिरताना कपड्यांची सुटलेली लव त्यातून जाते आणि पिशवीत अडकते. पिशवी फाटली की लव फिरत राहते आणि शेवटी कपड्यांवरच येऊन बसते, काळ्यावर दिसते एवढंच, बाकीच्या कपड्यांवरही असतेच.

ही जाळी प्लास्टिकच्या चौकटीत असते, वरची खिट्टी दाबून खाली किंवा पुढे ओढली की निघते. दर धुण्यानंतर नाही जमलं तरी दोन-तीन धुण्यांनी काढाच. माझा अनुभव असा की ओली असताना लव पसरते आणि जाळीच्या भोकांत घुसते, वाळू दिली की तीच लव कापसाच्या पट्टीसारखी अख्खी सुटून येते, म्हणून काढून तशीच ठेवायची, वाळली की पिशवी उलटी करून सोलून काढायची आणि मग पाण्याखाली धरायची. टॉवेल आणि नवीन सुती कपडे धुतले त्या दिवशी बघा, एका धुण्यात पिशवी अर्धी भरते.

फाटलेली शिवत बसू नका, शिवणीच्या भोकातून लव जातेच आणि दोरा सुटून आत जायची भीती. त्या मॉडेलची नवीन जाळी किंवा पूर्ण चौकट मिळते. ती येईपर्यंत मशीन वापरायला हरकत नाही, फक्त टॉवेल वेगळे धुवा. आणि काही मशीनमध्ये अशा दोन जाळ्या असतात, समोरासमोर, एक साफ होत राहते आणि दुसरी वर्षानुवर्षं कोणी काढत नाही, तेवढं तपासा. जुन्या पद्धतीचा मधे उभा खांब असलेलं मशीन असेल तर त्या खांबाचं वरचं टोपण काढून बघा, काहींमध्ये लव पकडायची जाळी तिथे असते.

प्रश्न: मशीन सुरू केलं की नुसता घूं असा आवाज येतो, पाणी अगदी बारीक धारेने येतं, कधीकधी येतच नाही आणि मशीन थांबतं. बेसिनच्या नळाला तर छान फोर्स आहे. खालचा फिल्टर साफ केला, फरक नाही.

उत्तर: खालच्या फिल्टरने फरक पडणार नाही, तो पाणी बाहेर जायच्या वाटेवर आहे. तुमची अडचण पाणी आत यायच्या वाटेवर आहे आणि तिथेही एक जाळी असते, याबद्दल फारच कमी जणांना माहीत असतं. मशीनच्या मागे जिथे नळाचा पाइप जोडलाय तिथे आत नखाएवढी गोल जाळी बसवलेली असते, काही पाइपना नळाच्या टोकालाही एक असते. टाकीतला गाळ, पाइपातला गंज, वाळू, सगळं तिथे साठतं. इमारतीच्या टाकीची सफाई झाली किंवा प्लंबिंगचं काम झालं की त्यानंतर एक-दोन दिवसांतच हा त्रास सुरू होतो, तुमच्याकडे तसं काही झालं होतं का आठवून बघा.

प्लग काढा, नळ पूर्ण बंद करा, खाली छोटी बादली ठेवा आणि मागचा पाइप हाताने फिरवून सोडवा, आतलं थोडं पाणी सांडतंच. जाळीच्या मधोमध बहुतेक एक छोटी शेंडी असते, ती बारीक पकडीने धरून सरळ बाहेर ओढा. इथे खरंच जपून, जाळी नाजूक असते, पिन खुपसून भोकं मोठी केलीत तर वाळू थेट आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाईल, मग तो नीट बंद होणार नाही आणि मशीन बंद असताना सुद्धा ड्रममध्ये थेंब थेंब पाणी साठत राहील. टूथब्रशने घासा, पांढरा कडक थर असेल तर तो क्षाराचा, साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा-एक तास ठेवा, बारीक बुडबुडे येतील आणि थर सुटेल. जाळी नसताना मशीन लावून बघू नका. परत जोडताना पाइपातला रबरी वॉशर जागेवर आहे ना बघायचं, हाताने घट्ट करायचं आणि नळ हळूहळू सोडायचा.

एक मात्र लक्षात ठेवा, पाइपच्या नळाकडच्या टोकाला मोठा प्लास्टिकचा डबा असेल तर ती पाणी आपोआप बंद करायची सोय असते आणि कित्येकांत आत वायर असते, तो भाग पाण्यात बुडवायचा नाही.

प्रश्न: सेमी ऑटोमॅटिक आहे. वॉशमध्ये पाणी भरते पण ते टिकत नाही, दहा मिनिटांत अर्धं गायब. फिल्टरचाच प्रॉब्लेम का?

उत्तर: फिल्टरमधून निसटलेल्या कचऱ्याचा म्हणू या. सेमीमध्ये बहुतेक पंप नसतो, पाणी उतारानेच जातं आणि ड्रेनचं बटण फिरवलं की आतलं एक रबरी बूच वर उचललं जातं. त्या बुचाखाली लव, धागा, बटणाचा तुकडा अडकला की ते पूर्ण बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. आधी सोपं करून बघा, टब काठोकाठ भरा, ड्रेनचं बटण चार-पाच वेळा उघडबंद करा, पाण्याच्या जोराने कचरा निघून जायची चांगली शक्यता असते. नाही गेला तर प्लग काढून टबच्या बाजूची उभी जाळी किंवा कव्हर काढा, खालच्या भागात बुचापर्यंत हात पोचतो का बघा. वॉश टबमधली लव पकडायची छोटी जाळी दर धुण्याला धुवा, सेमीमध्ये ती लवकर भरते. आणि ड्रेन पाइप जमिनीवर सपाट पडलेला असू दे, मधे कुठे उचलला गेला तर पाणी अडतं.

प्रश्न: फिल्टर दर महिन्याला काढते, चकाचक असतो. तरी मशीनला कुबट वास येतो आणि पांढऱ्या कपड्यांवर काळपट पापुद्रे चिकटून येतात. काय राहिलंय?

उत्तर: तुम्ही नियमाने करताय हे वाचून खरंच बरं वाटलं. पण फिल्टर ही पाण्याच्या वाटेवरची एक जागा झाली, तुमचा वास दुसरीकडून येतोय. फ्रंट लोडच्या दाराच्या रबराची घडी दोन्ही हातांनी ओढून उलगडा आणि खालच्या भागात बोट फिरवा. बोटाला काळा, शेवाळासारखा गुळगुळीत थर लागेल, तिथे पाणी साचतं, केस साचतात, मोजे सुद्धा सापडतात. मग डिटर्जंटचा ड्रॉवर, मधली खूण दाबून तो पूर्ण बाहेर निघतो. तो तर धुवाच, पण त्याच्या मागच्या पोकळीत वरच्या बाजूला टॉर्च मारा, काळी बुरशी बऱ्याचदा तिथे छताला चिकटलेली असते आणि प्रत्येक धुण्याचं पाणी तिच्यावरून जातं.

पापुद्रे येतात ते ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या मधल्या जागेतून. डिटर्जंट जास्त, फॅब्रिक सॉफ्टनर भरपूर आणि पाणी कायम थंड, या तिन्हींनी तिथे चिकट थर बसतो आणि त्यात बुरशी वाढते. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ हा समज सोडावा लागेल, फ्रंट लोड कमी पाण्यात धुतं, जास्तीचा साबण धुतलाच जात नाही. महिन्यातून एकदा रिकामं मशीन टब क्लीनवर, नसेल तर ६० डिग्री किंवा त्याहून गरम पाण्यावर चालवा, मशीन साफ करायची पावडर टाकून. तुमचा थर जुना आहे त्यामुळे पहिल्या वेळी पापुद्रे जास्तच निघतील, दोन-तीन वेळा करायला लागेल, आणि प्रत्येक वेळी नंतर फिल्टर काढा कारण सुटलेला सगळा थर तिथे येऊन अडकतो.

ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि लिंबूसत्त्व, एकत्र कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छोट्या बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतो. एकानंतर दुसरं लगेचही नको. शिवाय व्हिनेगर दर आठवड्याला ओतत राहिलात तर रबराचं आयुष्य कमी होतं, जाळीवरच्या क्षारापुरतं ते ठीक. धुणं झाल्यावर रबर पुसायचं, दार आणि ड्रॉवर दोन्ही थोडे उघडे ठेवायचे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार उघडं ठेवताना लक्ष असू द्या, आत शिरायची त्यांना फार हौस.

प्रश्न: पंपाचा फिल्टर नक्की किती दिवसांनी साफ करायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: कारण प्रत्येक घर वेगळं आहे. रोज धुणं, लहान मुलं, घरात कुत्रं-मांजर, लांब केस, यातलं काही असेल तर महिन्यातून एकदा. दोघांचं घर, आठवड्यात दोन-तीन धुणी, तर दोन-तीन महिन्यांनी पुरे. पहिले दोन-तीन वेळा महिन्याने काढा आणि किती कचरा निघतो बघा, तुमचा आकडा तुम्हालाच कळेल. घोंगडी, पडदे, पायपुसणी धुतली की तारखेची वाट न बघता काढा. आणि धुण्याआधी खिसे उलटे करायची सवय लावा सगळ्यांना, ज्याचे कपडे त्याने खिसे तपासायचे.

प्रश्न: फिल्टर हरवलाय, नवीन येईपर्यंत तसंच मशीन चालवू का?

उत्तर: फ्रंट लोडचा पंप फिल्टर असेल तर अजिबात नाही. फिल्टरची टोपी हेच त्या वाटेचं बूच आहे, ती नसेल तर सगळं पाणी समोरून फरशीवर येईल.

प्रश्न: फिल्टरमधला कचरा मी बेसिनमध्ये धुऊन टाकते. सून म्हणते डस्टबिनमध्ये टाका. एवढ्याशा लवेने काय होतं?

उत्तर: सूनबाईंचं बरोबर आहे. एकतर तो गोळा बेसिनच्या पाइपात जाऊन तिथे अडकतो, म्हणजे मशीनची अडचण तुम्ही बेसिनला देताय. आणि दुसरं मला जास्त लागणारं आहे. आपले बरेच कपडे पॉलिएस्टर नाहीतर ॲक्रिलिकचे, म्हणजे त्यांची लव प्लास्टिकचीच. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं होतं की ॲक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू सुटू शकतात. यातले बहुतेक इतके बारीक असतात की आपला फिल्टर त्यांना पकडत नाही, तो नाणी आणि केस पकडायला बनवलेला आहे, ते तंतू सांडपाण्याबरोबर पुढे जातातच. मग जे थोडं हातात येतंय ते तरी परत पाण्यात सोडू नका. कागदावर वाळू द्या आणि सुक्या कचऱ्यात टाका.

प्रश्न: वय ७२. घरी दोघंच असतो. फिल्टर खाली जमिनीलगत आहे, गुडघ्यांमुळे बसता येत नाही. दर वेळी माणूस बोलवायचा का?

उत्तर: काका, साफ करायला माणूस बोलवायची गरज नाही पण तुम्ही एकट्याने वाकूनही करू नका, ओल्या फरशीवर तोल गेला तर अवघड. बुटकं स्टूल घ्या, मशीनच्या समोर नाही तर बाजूला ठेवून बसा म्हणजे पाणी आलं तरी पाय कोरडे राहतात. आठवड्यात नातवंडं किंवा शेजारचं कोणी येत असेल तर त्या दिवसाशी हे काम जोडा. त्यांना एकदा शेजारी बसवून दाखवा, प्लग कसा काढायचा, नळी कुठे, टोपी कुठल्या दिशेला फिरते. टोपीच्या वर मार्करने उघडायच्या दिशेचा बाण काढून ठेवा, झाकणाच्या आतल्या बाजूला शेवटची तारीख लिहिलेला कागद चिकटवा. आणि टॉर्च त्यांच्या हातात द्या, भोकातला पंखा तुम्ही स्टुलावरून बघून सांगा फिरतोय की नाही.